खोलून बघणारा मास्तर

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा सुरू होते. म्हसोबाची ही जत्रा बैलबाजारासाठी पंचक्रोशीबाहेरही नावाजलेली. इथं बैल घ्यायला आलेला शेतकरी लगेच पैशाचं बोलत नाही. बैलाचे दात बघतो, खूर उचलून बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. जनावराच्या अंगाला हात लावल्याशिवाय सौदा होत नाही.

आता त्याच घरातली गाडी बघा. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून टक-टक-टक असा आवाज येतो. महिनाभर गाण्याचा आवाज वाढवून ती टकटक झाकली जाते. मग एक दिवस मुरबाड-कर्जत रस्त्यावर इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागची हलत नाही. गॅरेजवाला खाली वाकून बघतो आणि सांगतो, एक्सल गेला. म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. घरात कोणालाच माहीत नसतं की तो नेमका कुठं असतो आणि काय करतो.

हा शाफ्ट घरच्या घरी, अंगणात बदलता येतो का? येतो. आपल्याकडची काही पोरं बदलतातही. पण त्यासाठी पान्यांच्या आधी एक सवय लागते. समोरची वस्तू खोलून बघायची, ती का चालते हे समजून घ्यायचं आणि पुन्हा चालेल अशी जोडायची. महाराष्ट्रात ही सवय एका माणसानं आयुष्यभर पाळली आणि तिच्या जोरावर गावच्या गाव उभं केलं. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. किर्लोस्कर हे नाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर वाचलेलं असतं. त्या नावामागच्या माणसाची ही गोष्ट.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पाठांतर, पंडितांची ये-जा. अशा घरातल्या मुलानं शिकून नोकरी करावी ही अपेक्षा होती. लक्ष्मणचं मन मात्र शाळेत रमेना. त्याला चित्रं काढायची होती आणि वस्तूंशी खटपट करायची होती. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि 1885 मध्ये सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षांनी पहिला दरवाजा बंद झाला. लक्ष्मणला काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंगांधळेपणावर तेव्हाही इलाज नव्हता, आजही नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं. अठराव्या वर्षी असं काही कळलं की काय वाटतं, हे तुमच्यापैकी ज्यांची एखादी प्रवेश परीक्षा किंवा मेडिकल हुकली आहे त्यांना सांगायला नको. लक्ष्मणनं रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. तिथं माप लागतं, आणि ते त्याच्या हातात होतं. यांत्रिक ड्रॉइंग पक्कं करून तो मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचा साहाय्यक शिक्षक झाला. पगार महिना 45 रुपये.

नोकरी ड्रॉइंग शिकवण्याची. पण मास्तर तास संपला की वर्कशॉपमध्ये. ज्या यंत्राची चित्रं फळ्यावर काढायची ते हातानं उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वाफेचं इंजिन कसं चालतं, लेथवर काम कसं धरतात, ओतकामाचा साचा कसा बसवतात, हे सगळं त्यानं मोकळ्या वेळात शिकून घेतलं. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याचं शिक्षण यंत्रं खोलण्यात आणि यांत्रिकीवरची परदेशी पुस्तकं-मासिकं वाचण्यात झालं.

त्या काळच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. एका कोपऱ्यात इंजिन, आणि छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब फिरता लोखंडी दांडा. त्याला म्हणत लाइन शाफ्ट. दांड्यावर चाकं, चाकांवरून पट्टे, आणि पट्ट्यांवर खालचे लेथ आणि ड्रिल चालायचे. शक्ती एका जागी तयार करायची आणि फिरत्या दांड्यानं दुसऱ्या जागी पोचवायची. दांडा अडला की सगळं वर्कशॉप थंड.

तुमच्या गाडीतला ड्राइव्ह शाफ्ट हेच काम करतो. फक्त त्याच्यापुढे एक जास्तीची अडचण असते. छताचा दांडा सरळ रेषेत फिरायचा. गाडीचं चाक खड्ड्यात खालीवर होतं आणि वळणावर तिरकं होतं. दांडा फिरत राहिला पाहिजे आणि त्याच वेळी वाकलाही पाहिजे. म्हणून त्याला सांधे असतात. पिकअप किंवा जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पोटाखालून जो लांब दांडा जातो, त्याच्या टोकांना क्रॉस असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकाकडे एक असे दोन शाफ्ट निघतात, आणि त्यांच्या टोकांना सीव्ही जॉइंट असतात. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हा प्रकार आपल्या गावागावांत पोचला. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात, भोवती ग्रीस, आणि वरून घडीचा रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, माती आत जाते आणि खाचा खरवडल्या जातात. टकटक येते ती या खरवडलेल्या खाचांमधून. म्हणजे लाखमोलाच्या गाडीचं दुखणं पुष्कळदा एका फाटक्या रबरापासून सुरू होतं, आणि वाकून बघणाऱ्याला ते महिनाभर आधी दिसतं.

लक्ष्मणरावांच्या हाती लागलेलं पहिलं वाहन होतं सायकल. मुंबईत त्यांनी ती पाहिली आणि धंदा ओळखला. सायकल तेव्हा चैनीची, नवलाईची चीज. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा त्या तिथं विकत. 1888 पासून चाललेल्या या दुकानाचं नाव होतं किर्लोस्कर ब्रदर्स. सायकल विकायची, ती चालवायला शिकवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, अशी तिन्ही कामं तिथं होत. विकलेल्या वस्तूची जबाबदारी विकणाऱ्याची, हा धडा त्या दुकानातला.

दुसरा दरवाजा बंद झाला तो व्हीजेटीआयमध्ये. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत होतं, विद्यार्थी खूश होते, पण वर जायची वाट चामडीच्या रंगावर ठरत होती. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. ठरलेला पगार सोडून सायकलच्या दुकानात काळे हात करायचे, तेही शास्त्री-पंडितांच्या घरातल्या माणसानं. लोक काय म्हणाले असतील याचा अंदाज तुम्हाला येईल. आजही पदवी घेतलेला मुलगा गॅरेजमध्ये दिसला की नातेवाईक चुकचुकतातच.

बेळगावात सायकलींमागून त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं, आणि 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर. आपल्या लाकडी नांगराला रुमणं असतं, हाळीस असते आणि टोकाला लोखंडी फाळ. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरात पावसाळ्यातल्या चिखलाला हा हलका नांगर पुरतो. पण देशावरच्या काळ्या, चिवट जमिनीत तो वरवर रेघ ओढतो. खालची हरळी आणि कुंदा तसाच राहतो. लोखंडी नांगर माती खोलवर कापतो आणि त्याचा पंखा ती उलटी करून टाकतो. तणाची मुळं उन्हात उघडी पडतात.

नांगर चांगला होता, पण घेणारा मिळेना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लक्ष्मणराव शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होऊ शकले असते. पण बैलाचे दात बघून सौदा करणारा माणूस न पाहिलेल्या लोखंडावर वर्षाचं पीक कसं लावेल? त्याला नांगर शेतात चाललेला बघायचा होता. उलटलेली माती हातात घेऊन बघायची होती, आणि पुढच्या वर्षीचं पीकही. तसं ते दिसत गेलं तशी भीती ओसरली आणि नांगर जाऊ लागले.

या नांगराची एक बाजू आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. नांगराची झीज टोकाला होते, फाळावर. बाकीचा सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून लोखंडी नांगरात फाळ बोल्टनं बसवलेला असतो. झिजला की शेतकऱ्यानं बांधावर बसून पान्यानं दोन बोल्ट काढायचे, नवा फाळ लावायचा आणि औत पुन्हा जुंपायचं. गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट बदलणं हे त्याच विचाराचं मोठं भावंड. जे झिजणार आहे ते सुटं ठेवायचं, म्हणजे एका भागासाठी सगळं यंत्र भंगारात जात नाही.

शाफ्ट बदलायचं काम क्रमानं केलं तर अवघड नाही, क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. चाकाच्या मधला मोठा हब नट गाडी जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून आणि बाकीच्या चाकांना दगड लावून, सैल करायचा. गाडी हवेत असताना त्याच्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. नट सैल झाला की सपाट, टणक जागेवर जॅक लावायचा आणि लगेच चासीच्या मजबूत जागेखाली स्टँड ठेवायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा मुरमावर तर नाहीच. जॅक जमिनीत रुततो आणि कलतो.

मग गिअर ऑइल काढायचं. खालचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा भाग बाहेर ओढायचा आणि शाफ्टचं बाहेरचं टोक हबमधून मागं सारायचं. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका लहान तारेच्या कडीनं अडकलेलं असतं. ते पहारीच्या हलक्या झटक्यानं सुटतं. दांडा धरून खेचला तर आतला जॉइंटच निखळतो. जुना शाफ्ट निघाला की नव्याशेजारी जमिनीवर ठेवायचा. लांबी तीच आहे का, टोकाचे दाते तेवढेच आहेत का, एबीएसची चकती असेल तर तीही जुळते का, हे मोजून बघायचं. ऑइल सील नवं घालायचं. नवा शाफ्ट सरळ धरून आत सरकवायचा, कडी बसल्याचा टक असा आवाज येईपर्यंत. शेवटी हब नट नवा, आणि तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानंच टॉर्क पान्यानं आवळायचा. अंदाजानं आवळलेला नट चाकाची बेअरिंग खातो, आणि सैल राहिला तर चाकच सोडून जातो. ऑइल भरायला विसरलात तर शाफ्टच्या पैशात गिअरबॉक्स जातो. पहिल्यांदा करत असाल तर जाणता माणूस शेजारी हवाच.

हे सगळं वाचताना ड्रॉइंगचे मास्तर आठवावेत. खोलण्याच्या आधी रेखाटन, जोडण्याच्या आधी मोजमाप, आणि चालवून बघितल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही.

बेळगावात जम बसतोय तोवर तिसरा दरवाजा बंद झाला. नगरपालिकेला वाढत्या शहरासाठी ती जागा हवी होती. वर्कशॉप हलवायची नोटीस आली. चाळिशीतला माणूस, घरात पोरंबाळं, सोबत कामगारांचे संसार आणि उघड्यावर आलेली यंत्रं. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका बांधकामाच्या कामावर होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना संस्थानात यायला सांगितलं, 10,000 रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा देऊ केली.

जागा म्हणजे माळ. पाणी नाही, सावली नाही, सगळीकडे निवडुंग आणि साप. 10 मार्च 1910 ला लक्ष्मणराव मूठभर कामगारांसह तिथं उतरले. निवडुंग तोडून आधी निवारा उभा केला, मग छपराखाली यंत्रं. याच वस्तीची पुढं किर्लोस्करवाडी झाली, आणि रेल्वे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

हा कारखाना कोणी उभा केला हे बघण्यासारखं आहे. शंभोराव जांभेकर इंजिनं सांभाळत. त्यांच्याकडेही पदवी नव्हती. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारभार बघत. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेले आणि पुढं कारखान्याचे आधारस्तंभ. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतलं आणि त्यातल्या काहींना तर राखणदारीला बसवलं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम होता, आणि तो त्या काळात होता हे लक्षात घ्या. माणूस काय करू शकतो हे त्याचा दाखला बघून ठरवायचं नाही, त्याच्या हातात काम देऊन बघायचं, अशी त्यांची रीत होती. तुम्ही यंत्राच्या बाबतीत खोलून बघता आणि माणसाच्या बाबतीत लेबल वाचून थांबता, तर तुमची सवय अर्धीच आहे.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर यायचे थांबले, म्हणून किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड आणि कोळसाही मिळेना. लक्ष्मणरावांनी मिळेल तिथून जुनं लोखंड गोळा केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा ओतकामाला दिल्या. एकेकाळी गोळे फेकणाऱ्या तोफांचे नांगर झाले. युद्ध संपल्यावर 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. नांगरांमागून उसाचे चरक आणि पाण्याचे पंप आले.

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून 1926 मध्ये इंजिनिअर होऊन परत आला. पदवी नसलेल्या बापानं मुलाला जगातल्या नावाजलेल्या संस्थेत पाठवलं, यात विसंगती नाही. लक्ष्मणरावांना शिक्षणाचं वावडं कधीच नव्हतं. पुस्तकातलं ज्ञान त्यांना हवं होतं, आणि ते हातात उतरलेलंही हवं होतं. पुढं 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि डिझेल इंजिनं शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचली. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. 26 सप्टेंबर 1956 ला ते गेले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं.

मुरबाडला एमआयडीसी आहे, गावोगाव पिकअप आहेत आणि बऱ्याचशा हप्त्यांवर घेतलेल्या आहेत. गाडी दोन दिवस उभी राहिली तर भाजीचा फेरा चुकतो, शाळेची पोरं अडकतात आणि हप्ता मात्र थांबत नाही. अशा घरात एका मुलाला किंवा मुलीला गाडीच्या पोटातलं कळत असेल तर त्या घराची बाजू बदलते. काम गॅरेजला दिलं तरी काय दुखतंय, काय बदलायचं आणि त्याचे किती पैसे व्हावेत हे घरच्याच माणसाला विचारता येतं. हे कळायला शाफ्ट स्वतःच बदलला पाहिजे असंही नाही. या रविवारी गाडी सपाट जागी लावा, पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि बॅटरी घेऊन चाकाच्या मागं बघा. रबरी बूट धडधाकट असेल तर छान. त्याच्यावर चीर असेल, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल, तर टकटक सुरू व्हायच्या आधीच तुम्हाला कळलेलं आहे. वेळेवर लक्षात आलं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. नवा शाफ्ट लागतच नाही.